पट्ट्याचं लॉक

तीन महिने ऋषिकेशनं सौंसर ते पांढुर्णा बसनं काढले. कचेरीत रोज उशीर, रोज साहेबांचं वाकडं तोंड. शेवटी गॅरेजवाल्यानं मोटारसायकल नीट करून दिली, तेव्हा त्याची धाकटी बहीण वृषाली फोनवर म्हणाली, "हेल्मेट मी पाह्यल्याशिवाय घेऊ नको दादा. मी येते दुकानात."

त्याच मोटारसायकलवर तिचा नवरा गेला होता.

केतन पांढुर्ण्याचाच. संत्र्याचे बगीचे फळं झाडावर असतानाच विकत घ्यायचा धंदा, त्यामुळे सारखा फिरतीवर. जानेवारीत एका सकाळी तो कचेरीत आला. त्याची गाडी बिघडली होती आणि तिगावकडचा एक बगीचा पाहायचा होता. ऋषिकेशनं किल्ली दिली. हेल्मेटचा मात्र केतनला कंटाळा.

"राहू द्या ना दादा. इथंच तर जाऊन राहिलो."

"घाला जवाई, चेकिंग सुरू आहे," म्हणत ऋषिकेशनं स्वतःच्या हातानं ते त्याच्या डोक्यावर चढवलं.

पट्ट्याचं लॉक दिवाळीपासून तुटलेलं होतं. ऋषिकेश रोज तसंच घालायचा, पोलिसाला दिसण्यापुरतं. केतनला सांगावं असं त्याच्या अगदी जिभेवर आलं होतं, पण आतून साहेबांनी हाक मारली आणि तो फाईल घेऊन धावला.

तासाभरानं फोन आला. रोही, म्हणजे नीलगाय, आडवी आली होती. हेल्मेट बाजूच्या कापसाच्या पऱ्हाटीत सापडलं, फारसा ओरखडाही नसलेलं. केतन रस्त्याकडेच्या दगडांवर पडला होता.

तेरवीला जो तो एकच बोलत होता, हेल्मेट होतं तरी गेला. वृषालीनं ते बोलणं मनाशी घट्ट धरून ठेवलं. "माणसानं करायचं ते त्यांनी सगळं केलं होतं," ती भेटायला येणाऱ्यांना सांगायची. "देवाच्याच मनात होतं, मग काय करता?" तिच्या सासूबाई, उषाबाई, मान डोलवायच्या. ऋषिकेश खाली बघत ऐकायचा आणि घरी येऊन ताट सरकवून द्यायचा. आईला वाटायचं, जावयाचं दुःख आहे, हळूहळू ओसरेल.

सुरेशभाऊंचं पार्ट्सचं दुकान बाजाराच्या तोंडाशीच होतं. वृषाली आधीच येऊन बसली होती. किती वाळली होती ती! भाऊंनी कपाळाभोवती टेप फिरवून ऋषिकेशच्या डोक्याचं माप घेतलं आणि तीन हेल्मेटं काढली.

पहिलं वृषालीनंच नाकारलं. "हे तर हलून राहिलं. गाल दाबले पाहिजेत ना, भाऊ?"

"बरोबर बोलल्या ताई. नवं असताना जरा घट्टच पाहिजे."

दुसऱ्याच्या काचेतून तिला सगळं पिवळट दिसलं. तिसरं काळं होतं, आत जाड गादीचं. तिनं आतला शिक्का वाचला, बोटांनी गादी दाबून पाहिली आणि ते भावाच्या डोक्यावर चढवलं. लहानपणी शाळेत जाताना तो तिची रिबीन बांधून द्यायचा. आज तिनं त्याच्या हनुवटीखाली पट्टा लावला. खट्ट आवाज आला.

"आता मागून वर उचलून पाहा," भाऊ म्हणाले. "निघालं तर घेऊ नका."

तिनं दोन्ही हातांनी जोर लावून उचललं. ऋषिकेशची मान पुढे झुकली, पण हेल्मेट हललं नाही. तिनं पुन्हा उचललं. मग तिचे हात तिथंच थांबले.

"दादा, यांचं काहून निघालं मग?"

हेल्मेटच्या आत त्याला स्वतःचा श्वास मोठ्यानं ऐकू येत होता.

"लॉक तुटलं होतं," तो म्हणाला.

"आपटल्यावर तुटतंच कधी कधी," भाऊ सहज बोलून गेले. वृषालीनं हुंकार भरला. तेवढ्यावर निभावलं असतं. ऋषिकेशनं नुसतं गप्प राहायचं होतं. पण समोर तिचा चेहरा होता, त्याच्या जिवाची काळजी करणारा, आणि ते त्याला सोसवेना.

"आपटल्यावर नाही. दिवाळीपासून तुटलेलं होतं."

"तुले माहीत होतं?"

"हो."

"त्यांना सांगतलं होतं?"

त्यानं मान हलवली. नाही.

वाकून तिनं त्याच्या हनुवटीखालचा पट्टा सोडवला, हेल्मेट काढून काउंटरवर ठेवलं आणि म्हणाली, "भाऊ, हेच बांधून द्या याले." आणि पायऱ्या उतरून चालती झाली. तो मागोमाग धावला तोवर ती ऑटोत बसली होती.

त्यानंतर तिनं त्याचा फोन उचलला नाही. ती सौंसरला यायची थांबली, आईच बसनं जाऊन तिला भेटून यायची आणि विचारायची, "तुमचं भांडण झालं काय रे?" तो म्हणायचा, नाही.

अक्षय्य तृतीया झाल्यावर एका दुपारी न राहवून तो तिच्या दारात उभा राहिला. उषाबाईंनी हात धरून आत नेलं, पन्हं दिलं. "तुम्ही तरी येत जा बाप्पा. तुम्ही जबरदस्तीनं घातलं होतं ना हेल्मेट त्याले? कोण करते एवढं!" वृषाली स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. त्यानं पन्ह्याचा पेला तसाच खाली ठेवला.

निघताना ती फाटकापर्यंत आली.

"आईले मी काही सांगतलं नाही," आत उषाबाईंकडे नजर टाकत ती हळू आवाजात म्हणाली. "सांगणारही नाही. त्यांच्यापाशी तेवढंच उरलं आहे."

"वृषाली, मी—"

"माझ्यापाशीही तेवढंच होतं, दादा."

तिनं फाटक ओढून घेतलं. "तू येत नको जाऊ आता."

आतून उषाबाईंनी विचारलं, "गेले काय दादा? जेवून तरी जा म्हणायचं होतं." तिनं काय उत्तर दिलं, ते त्याला ऐकू आलं नाही. तो बराच वेळ उन्हात उभा राहिला. मग कचेरीतली जेवणाची सुट्टी संपत आली होती, म्हणून गेला.