मामीच्या नावाचं खनिज

माझा मामा दगडांबद्दल शपथ घेऊन बोलायला लागला, की माझ्या मनात हटकून पाल चुकचुकते. एकदा त्याने माझ्या बाबांना जांभळ्या स्फटिकांचा सुंदर तुकडा भेट दिला होता. बाबांनी तो धुवायला कोमट पाण्यात टाकला, तर स्फटिक एकीकडे आणि दगड दुसरीकडे! मधे गोंद होता. "मला बाजारात असाच मिळाला," मामा म्हणाला. कुणाचाच विश्वास बसला नाही, माझा तर मुळीच नाही.

त्यामुळे बंद पडलेल्या खाणीतून आणलेला एक दगड त्याने माझ्या प्रयोगशाळेत आणून ठेवला, तेव्हा मी आधी तो हुंगून पाहिला. गोंदाचा वास नव्हता. दगडावर फिकट हिरव्या सुयांचे झुबके होते. तपासात लोह, जस्त, फॉस्फेट आणि पाणी निघालं. क्ष-किरणांच्या यंत्राने काढलेला आलेख मात्र आजवर नोंदलेल्या कुठल्याच खनिजाशी जुळेना. मी यंत्रावर संशय घेतला, मग स्वतःवर. पुन्हा पुन्हा तपासलं तरी आलेख तोच. हे नवंच काहीतरी होतं.

मामाचे पाय जमिनीवर ठरेनात. "शोधणाऱ्याने आपलं नाव द्यायचं नसतं ना? मला नकोच. मामीचं दे. जन्मभर माझे दगड पुसतेय ती. मी तिला काय दिलं? धूळ!"

मामी म्हणाली, "दगडाला माझं नाव! लोक हसतील मला." आणि शेजारच्या प्रत्येक घरी जाऊन स्वतःच सांगून आली.

नव्या खनिजांना मान्यता देणाऱ्या समितीकडे पाठवायचा अर्ज तयार झाला. शेवटचा फोटो काढायला मी दगड सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. संग्रह करणारे प्रत्येक दगडावर पांढऱ्या रंगाचा ठिपका देऊन त्यावर बारीक आकडा लिहितात. मामाही घरी आणल्या आणल्या तेच करतो. त्या ठिपक्याच्या कडेला दोन हिरव्या सुया होत्या. रंगाच्या खाली नाही, वर. रंगावरच उगवलेल्या.

म्हणजे दगड खाणीतून निघाल्यावर, मामाच्या घरात, त्या वाढल्या होत्या. माणसाच्या हातून झालेलं काही खनिज म्हणून चालत नाही, ते निसर्गातच घडावं लागतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. या माणसाने या वयात मला तोंडघशी पाडायचा घाट घातला होता.

दगड पिशवीत टाकून मी तडक त्याच्या घरी गेले. "काय लावलंस दगडाला? खरं सांग."

"काही नाही गं. आणला, आकडा टाकला, फळीवर ठेवला. सुया नंतर नीट पाहिल्यावर दिसल्या. शपथ!"

"शपथ नको. बाबांच्या वेळीही घेतली होतीस."

मामाचा चेहरा पडला. मला जराही दया आली नाही. हात धुवायला न्हाणीघरात गेले, तर कोपऱ्यात गंज काढायच्या औषधाची बाटली. मागे बारीक अक्षरांत लिहिलं होतं, फॉस्फोरिक ॲसिड. मी ती आणून मामाच्या समोर आदळली. "आणि हे?"

मामा बाटलीकडे बघतच राहिला. स्वयंपाकघरातून मामी पदराला हात पुसत आली.

"ते माझं आहे," ती म्हणाली. "नळांसाठी आणलंय. त्या दगडाचा गंज फळीवरच्या कापडाला लागत होता, म्हणून त्याच्यावरही ओतलं. मगात घालून खिडकीत ठेवला आणि विसरले. आठवण झाली तोवर पाणी आटलं होतं. दगड छान हिरवा दिसत होता. मला वाटलं, स्वच्छ झाला. गुपचूप ठेवून दिला. ह्यांना दगडाला हात लावलेला आवडत नाही ना."

मामाला सगळं कळलं होतं, मी समजावण्याची गरज नव्हती. मामीला मात्र कळलं नव्हतं. ती आळीपाळीने आमच्या तोंडाकडे बघत होती. "काय झालं? खराब केला का मी?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मामा खरं बोलत होता. आणि आज तो खरं बोलत होता, तर तो जांभळा तुकडाही त्याला बाजारात तसाच मिळाला असणार. फसला तो होता आणि चोर आम्ही त्यालाच ठरवलं होतं.

"मामा," मी म्हणाले, "मला माफ कर. तो बाबांचा तुकडा..."

"राहू दे ते. अर्ज फाडावा लागेल?"

"हो."

"नाव नाही मिळणार?"

"नाही."

त्याने माझ्या पिशवीतून दगड काढला, पांढऱ्या रंगाची डबी आणि बारीक ब्रश घेऊन खिडकीशी बसला. आकड्याखाली त्याने मामीचं नाव लिहिलं, अक्षर हलू नये म्हणून श्वास रोखून.

"समितीला कशाला विचारायचं?" तो म्हणाला. "हिनेच तर केलाय."