सगळ्यांना एकच सफाई

एकच काम दोनदा लिहायचं म्हटलं की आमच्या बुलढाण्याच्या ऑफिसातला प्रसेनजित भडकायचा. कॉलेजची वेबसाइट असो की दवाखान्यात नंबर लावायचं अ‍ॅप, बॅकअप, सफाई वगैरे रोज आपोआप चालणाऱ्या कामांच्या स्क्रिप्ट त्याने एकाच फोल्डरात ठेवल्या होत्या. तिथे एक ओळ बदलली की सगळ्या प्रोजेक्टांत बदलायची. मी त्याला अतिशहाणा म्हणायचे, पण माझं निम्मं काम त्या फोल्डरवरच निघायचं.

त्यात त्याने घरचंही एक प्रोजेक्ट जोडलं होतं. त्याची आई बेबीताई जवळच्या धाड गावात राहते. दोन वर्षांपूर्वी तिच्या गळ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा त्याने तिची गाणी रेकॉर्ड केली होती, जात्यावरच्या ओव्या, भीमगीतं, मध्येच शेजारणीला दिलेली हाकसुद्धा. ऑपरेशननंतर तिचा आवाज गेला. मोबाइल भरला म्हणून त्याने सगळं तिथून काढून आमच्या सर्व्हरवर चढवलं आणि तिच्या फोनवर एक बटण करून दिलं. ते दाबून ती रोज स्वतःला ऐकत बसायची.

"घरचं वेगळं ठेव ना रे," मी म्हटलं होतं.

"मायले वेगळं काऊन? इथं सगळ्यात चांगलं हाये ते तिले बी भेटलं पायजे."

सोमवारी कॉलेजच्या सर्व्हरवरची जागा संपली. प्रसेनजितने सफाईच्या स्क्रिप्टमध्ये ओळ घातली, वर्षभरात ज्यात काही बदल झाला नाही त्या फाइली काढून टाक. कॉलेजवर चालवून पाहिली, झकास चालली. आम्ही चहाला गेलो.

परत आलो तोवर रोजची सफाई सगळ्या प्रोजेक्टांवर चालून गेली होती आणि बेबीताईंचा फोल्डर रिकामा. गाण्यांत कोण कशाला बदल करणार होतं?

"बॅकअप बघ!" मी ओरडले. पण बॅकअपची स्क्रिप्टही सगळ्यांची एकच. ती सफाईनंतर लगेच चालते आणि जुनं पुसून समोर जे असेल तेवढंच ठेवते. तिने रिकामा फोल्डर इमानदारीने उतरवून घेतला होता. मला भयंकर संताप आला, कारण बिघडलं काहीच नव्हतं. बिघडलं असतं तर दुरुस्त केलं असतं.

सर्व्हरवाल्यांना फोन केले, गेलेल्या फाइली शोधणारे प्रोग्राम चालवले. काही हाती लागलं नाही.

"तू चाल संग," प्रसेनजित म्हणाला. "मले नाही सांगता येनार."

आम्ही धाडची एसटी पकडली.

मला पाहून बेबीताईंना आनंद झाला. मला खाटेवर बसवलं आणि पाहुणीला ऐकवायचं म्हणून कौतुकाने बटण दाबलं. मग पुन्हा दाबलं. फोन कानाशी नेला, झटकला.

मी तोंड उघडलं. "मावशी," एवढंच निघालं.

त्यांनी हसून फोन प्रसेनजितच्या हातात दिला. लेक एवढा शिकलेला, दोन मिनिटांत करेल, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. तो फोनकडे बघत राहिला.

बेबीताईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, सावकाश कर अशी खूण केली आणि चहा टाकायला आत गेल्या.