एकटीने न होणारी घडी

मित्रांनो, मी एक जुनी सतरंजी आहे. तिरोड्याजवळच्या एका गावातल्या बुद्धविहारात माझा मुक्काम असतो. अंगावर निळे पट्टे आहेत, म्हणजे होते. आता त्यांत चहाचे आणि तान्ह्या बाळांचे डागही मिसळले आहेत. लग्न असो, नामकरण असो की गेलेल्या माणसासाठीचं पुण्यानुमोदन, मी सगळ्यांना पुरले. डागांची मला लाज नाही. जिच्यावर कुणी बसलंच नाही, ती कसली सतरंजी?

दोन बायांनी हातमागावर शेजारी बसून, गप्पा मारत मला विणलं. म्हणूनच की काय, मला माणसांच्या बोलण्याची भारी ओढ. पण मी आहे ऐसपैस. माझी घडी एकट्याने होत नाही. दोघांनी चार टोकं धरायची, झटकायचं आणि एकमेकांकडे चालत यायचं. रंजिता आणि अल्का या मैत्रिणी लहानपणापासून हे काम करत. घडी कमी, खिदळणं जास्त. विहाराची देखभाल करणाऱ्या सुमनबाई ओरडत, "पोरीहो, सतरंजी झटकून राहिल्या का उडवून राहिल्या?"

अल्का बोलताना अडखळते. रंजिताजवळ मात्र कमी अडखळायची, कारण रंजिता शांतपणे थांबायची. पण यंदा विहारात पावसाळाभर चालणाऱ्या वर्षावासाच्या ग्रंथवाचनात अल्का एका शब्दावर अडली आणि पोरींना हसवायला रंजिताने तिची नक्कल केली. पोरी हसल्या. अल्काने ग्रंथ मिटला आणि रंजिताशी बोलणंच टाकलं. माझी घडी मग सुमनबाई कशीबशी एकट्याच करत आणि मला कोपऱ्यात कोंबत. एक कड तर उंदरांनी कुरतडली.

रंजिता माझ्यावर बसून मोबाईलमधल्या एआयशी बोलू लागली. खोटं कशाला सांगू, तो बिचारा कधी कंटाळला नाही की रागावला नाही. तिने त्याच्याकडून माफी लिहून घेतली आणि अल्काला पाठवली. अल्काने ती सुमनबाईंना दाखवली. त्यांनी मोठ्याने वाचली.

"'माझ्या वर्तनाने तुला झालेल्या क्लेशाबद्दल मी अंतःकरणपूर्वक दिलगीर आहे.' बापा! हे कोन होय वं?"

"रं... रंजिता नोहे," अल्का म्हणाली. "थे असं बोलतच नाही."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. माझा जीव तुटला.

अल्काला नागपूरला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. ती जायच्या आदल्या दिवशी बुद्धवंदना आटोपली, माणसं धानाच्या रोवणीला गेली. सुमनबाई भिंतीला टेकल्या. "माये गुडघे दुखून राहिले. घडी तुमीच करा दोघी." त्यांचे गुडघे सकाळपर्यंत ठणठणीत होते, हे मला ठाऊक!

दोघींनी खाली मान घालून माझी टोकं धरली. झटकलं. एकमेकींकडे चालत आल्या. टोकं हातात देताना बोटांना बोटं लागली आणि रंजिताने हात सोडलाच नाही.

"मी चुकली वं. पोरी हसल्या तं मले बरं वाटलं. मंग घरी जाऊन रडली. फोनकडून लिवून घेतलं, थेबी चुकलंच."

अल्काचे ओठ हलले. "म... म..." शब्द अडला. रंजिताच्या खिशात मोबाईल वाजला. तिने पाहिलं नाही. अल्काचा शब्द स्वतः पुराही केला नाही. फक्त थांबली, पूर्वीसारखी.

"म... मले सोडाले येशील सकाळी? टेसनवर?"

रंजिताला बोलता येईना. आता अल्का थांबली.

त्या दिवशीची माझी घडी पार वाकडी झाली. सुमनबाईंनी पाहिलं आणि तशीच राहू दिली.

मित्रांनो, मी आता विरत चालले आहे. मला अधूनमधून ऊन दाखवा, उंदरांपासून जपा. आणि माझी घडी करायला कधी एकटे येऊ नका.