लाल खुर्चीचा सौदा

अण्णांनी चहाचा कप खाली ठेवला आणि मोबाइल लेकीच्या नाकासमोर धरला.

"बघ. मिळाली एकदाची."

मोबाइलवर खुर्ची होती. बॅटरीवर चालणारी, लाल गादीची. हाताशी एक छोटा दांडा, तो ढकलला की खुर्ची हवी तिकडे वळणार. किंमत दुकानातल्या किमतीच्या निम्म्याहूनही कमी, आणि खाली ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं : शेवटचा नग, ऑफर आजच संपणार.

लेक कपड्यांच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर होती. दिवसभर शर्ट उलटे करून उसवलेली शिवण शोधायची. घरी आली की माणसं उलटी करून बघते, असं तिचा धाकटा भाऊ म्हणायचा. तो टेम्पो चालवायचा आणि त्यानेच तिचं नाव 'फौजदार' पाडलं होतं. ते इतकं चिकटलं, की शेजारपाजारचेही तिला त्याच नावानं ओळखायचे.

फौजदारने फोटो मोठा करून पाहिला. मग लहान करून पाहिला.

"अण्णा, एवढी स्वस्त कशी?"

"दुकान बंद करतायत. माल काढून टाकायचाय."

"कुठंय दुकान?"

"गोदाम आहे. गावाबाहेर."

"कुठल्या गावाबाहेर?"

अण्णांनी मोबाइल मागे घेतला. जन्मभर त्यांनी चित्रपटगृहात प्रोजेक्टरचं मशीन चालवलं होतं. अंधाऱ्या खोलीत एकट्यानं काम केलेला माणूस. प्रश्नांची त्यांना सवय नव्हती. आजारपणात पाय गेले, तेव्हापासून घरात एक हातानं ढकलायची खुर्ची होती. ती वाईट नव्हती, पण ती ढकलायला कुणीतरी लागायचं. लेक कारखान्यात, मुलगा टेम्पोवर. अण्णा खिडकीशी बसून रस्ता बघायचे आणि संध्याकाळी कुणी विचारलं, "बाहेर जायचं का?", तर "नको, कंटाळा आलाय" म्हणायचे. तो कंटाळा खोटा आहे, हे दोन्ही मुलांना कळत होतं.

म्हणूनच फौजदारने एकदम 'नाही' म्हटलं नाही. सुट्टीचा दिवस होता. ती पलंगावर मांडी घालून बसली आणि आपल्या मोबाइलवर त्या विक्रेत्याचं पान खालपर्यंत चाळायला लागली.

खुर्च्यांचे फोटो होते, भरपूर होते. पण जरा मागे गेल्यावर खुर्च्या संपल्या आणि बूट सुरू झाले. बुटांच्या आधी कुत्र्याची पिल्लं. पानाचं नावही मध्येच बदललेलं. शेरे तर असे, की जणू एकाच माणसानं वेगवेगळ्या टोप्या घालून लिहिलेत : 'खूप छान सेवा, वस्तू वेळेवर मिळाली.' त्याखाली पुन्हा, 'खूप छान सेवा, वस्तू वेळेवर मिळाली.' एकालाही खुर्चीच्या रंगाबद्दल, चाकाबद्दल, बॅटरीबद्दल एक अक्षर सुचलेलं नव्हतं.

"अण्णा, कुठंतरी पाणी मुरतंय."

"तुला सगळं जगच चोर दिसतं," अण्णा म्हणाले. आवाज जरा जास्तच चढला होता. "फोन कर ना. बोल त्याच्याशी. चांगला माणूस आहे, मला काका म्हणतो."

"तुमचं बोलणं झालंय त्याच्याशी?"

अण्णांनी कप उचलला. तो रिकामा होता, तरी तोंडाला लावला.

फौजदारने फोन लावला. पलीकडचा आवाज गोड, जिभेवर साखर ठेवून बोलावं तसा. "हां ताई, काकांसाठीच राखून ठेवलीय हो. दुसरं गिऱ्हाईक दारात उभं आहे, पण काकांना शब्द दिलाय."

"शब्द दिलात ते बरं केलंत. आता खुर्ची दाखवा. व्हिडिओ कॉल करते."

"कॅमेरा बिघडलाय ताई."

"मग फोटो कशानं काढले?"

"ते दुसऱ्या पोराच्या मोबाइलवर. तो जेवायला गेलाय."

"असू दे. आम्ही येऊन बघतो, भाऊ टेम्पो घेऊन येईल. पत्ता पाठवा."

"गोदामात गिऱ्हाइकांना परवानगी नाही ताई. कंपनीचा नियम आहे."

बंद होणाऱ्या दुकानाला इतके कडक नियम! फौजदारने जरा विचार केला. "मग असं करा, तो पोरगा जेवून आला की खुर्चीवर एक चमचा ठेवून फोटो काढायला सांगा. साधा चमचा. म्हणजे मला कळेल, खुर्ची तुमच्याजवळ आहे."

 पलीकडून हसण्याचा आवाज. "चमचा? ठेवतो की! ताईंचा विश्वास नाही वाटतं."

"पाण्यात म्हैस आणि वर मोल, असला व्यवहार आमच्याकडे होत नाही," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

तेवढ्यात धाकटा टेम्पो धुऊन आत आला. सगळं ऐकल्यावर तो म्हणाला, "ताई, गरिबाचा पार जीव काढतेस तू. चमचा काय, उद्या म्हणशील शिंकून दाखव."

अण्णा मात्र हसले नाहीत. ते दाराकडे बघत होते आणि मोबाइल त्यांनी स्क्रीन खाली करून मांडीवर दाबून धरला होता. फौजदारला आता विक्रेत्यापेक्षा बापाचाच संशय यायला लागला. नुसता भाव विचारलेला माणूस असा बसत नाही.

तिच्या मोबाइलवर फोटो आला. लाल खुर्ची, गादीवर चमचा.

"घे!" धाकटा म्हणाला. "आला चमचा. आता?"

तिने मोबाइल खिडकीजवळ नेला. खुर्चीवर उजवीकडून उजेड होता, खुर्चीच्या हातांची सावली गादीवर स्पष्ट पडली होती. चमच्याला सावलीच नव्हती. गादीत तो जरासाही रुतला नव्हता. कुणीतरी कात्रीनं कापून चिकटवावा तसा अधांतरी होता.

"हा चमचा बसलेला नाही, चिकटवलेला आहे." तिने मोबाइल भावाच्या हातात दिला. त्याने बघितलं आणि त्याचं हसू मावळलं.

"अण्णा, द्या तो मोबाइल. ब्लॉक करून टाकू या माणसाला."

"थांब जरा."

"कशाला थांबायचं?"

"थांब म्हणतोय ना!"

तेवढ्यात अण्णांच्या मांडीवरचा मोबाइल वाजला. त्यांनी घाईनं तो उचलला, पण मोबाइल हातातून निसटून जमिनीवर पडला. फौजदारने उचलला. स्क्रीनवर निरोप होता : 'काका, बुकिंगचे पैसे मिळाले. खुर्ची पाठवायच्या विम्याची रक्कम अजून आली नाही. आत्ता पाठवली नाही तर बुकिंग रद्द होईल, पैसे परत मिळणार नाहीत.'

 बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"कधी पाठवलेत?" तिने विचारलं.

"सकाळी. तू अंघोळीला गेली होतीस."

"मला विचारायचं नाही? एवढी मोठी रक्कम, आणि..." ती सुरू झाली होती. कारखान्यात खराब माल परत करताना तिचा आवाज असाच व्हायचा. पण अण्णांनी मान खाली घातली होती आणि कपाळावरच्या आठ्या पार टकलापर्यंत गेल्या होत्या. ती बोलता बोलता थांबली.

"माझी खुर्ची मला माझ्या पेन्शनीतून घ्यायची होती," अण्णा म्हणाले. "तुम्हाला दाखवून चकित करायचं होतं. मग त्याने विमा मागितला, तेव्हा शंका आली. म्हटलं, तुला दाखवावं. तू खरी म्हणालीस तर पाठवू."

"आणि मी खोटी म्हणाले तर?"

"तर आहेच मी गाढव."

धाकटा मुठी वळून उभा राहिला. "पत्ता काढतो. हाडं मोडतो त्याची."

"कुठं जाणारेस? पत्ता असता तर हा दिवस आला असता का?" फौजदारने भावाला खाली बसवलं आणि बँकेच्या तक्रारीच्या नंबरावर फोन लावला. पलीकडची मुलगी शांतपणे विचारत गेली : कुठल्या खात्यात गेले, कधी, पावतीवर काय लिहिलंय. खात्यावर नाव एका बाईचं होतं, आवाज बाप्याचा. "सगळं जपून ठेवा, काही पुसू नका," मुलगी म्हणाली. "पोलिसांतही आजच नोंदवा. खात्यात पैसे शिल्लक असतील तर अडवता येतील. नक्की सांगत नाही." पोलीस ठाण्यात धाकटा गेला. फौजदारने निरोपांचे, फोटोंचे, पानाचे फोटो काढून ठेवले आणि मगच तो नंबर ब्लॉक केला. तोवर त्या गोड आवाजाने अण्णांना दोन शिव्या लिहून पाठवल्या होत्या. त्या तिने अण्णांना दाखवल्या नाहीत.

त्या दिवसापासून अण्णा पार बदलले. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. अण्णा पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागले. दारावर पार्सल घेऊन कुणी आला की आतून ओरडायचे, "आम्ही काही मागवलेलं नाही!" बँकेचा खराच फोन आला, अडवलेली थोडी रक्कम परत मिळेल असं सांगायला, तर अण्णांनी त्यांनाही झापून फोन आपटला. शेवटी फौजदारला बँकेत जाऊन खात्री करून घ्यावी लागली. रक्कम खरंच आली होती. थोडीच, पण आली. अण्णांना त्याचाही आनंद झाला नाही.

"फसलो ते फसलो," ते म्हणायचे. "पण सगळ्या गल्लीला कळता कामा नये."

असेच दिवस गेले. मग एकदा त्या भागातल्या लोकांच्या ग्रुपवर एक जाहिरात आली. फोटो वाकडा आणि अंधारा. खाली लिहिलं होतं : 'माझ्या यजमानांची बॅटरीची खुर्ची विकणे आहे. डावा हात तडकलेला आहे. बॅटरी जुनी आहे, चढावर दमते. येऊन चालवून बघा, मगच बोला. फोनवर भाव सांगणार नाही.'

फौजदारने ते दोनदा वाचलं. इतके दोष लिहिणारा विक्रेता तिने पाहिला नव्हता. म्हणूनच तिला संशय आला. नवीन प्रकारचा गळ असेल का हा? तिने फोन लावला.

"कोण?" पलीकडून खणखणीत बायकी आवाज आला.

"खुर्चीसाठी फोन केला होता. खुर्ची तुमच्याकडे आहे ना? दाखवाल का व्हिडिओवर?"

"आधी तुम्ही तोंड दाखवा."

"म्हणजे?"

"म्हणजे व्हिडिओ लावा आणि तोंड दाखवा! मागच्या आठवड्यात एक जण म्हणाला, लष्करात आहे, न बघताच घेतो. मला पैसे मिळायचेत म्हणे, त्यासाठी मीच मोबाइलवर माझा गुप्त आकडा टाकायचा! तुम्ही कशावरून खऱ्या?"

फौजदारला आयुष्यात पहिल्यांदा कुणी उलट तपासत होतं. तिने मुकाट्यानं तोंड दाखवलं, मग घर दाखवलं, मग मोबाइल फिरवून खिडकीशी बसलेले अण्णा आणि त्यांची जुनी खुर्ची दाखवली.

"ह्यांच्यासाठी हवीय का?" पलीकडची बाई म्हणाली. ती निवृत्त शिक्षिका होती; सगळे तिला बाईच म्हणायचे. "मग ह्यांनाच घेऊन या. दिवसाउजेडी या. माणूस बसल्याशिवाय मी खुर्ची देणार नाही."

"मी येणार नाही," अण्णा म्हणाले. "हीसुद्धा ठग निघेल."

"निघू दे. आपण रिकाम्या हातानं परत येऊ. जायला काय लागतं?" फौजदार म्हणाली.

धाकट्याने अण्णांना टेम्पोत उचलून बसवलं. बाईंचं घर दोन चौक ओलांडून होतं. अंगण झाडून स्वच्छ. पायरीवर एक धिप्पाड शेजारी हाताची घडी घालून उभा होता. बाईंनी त्याला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. त्याने धाकट्याकडे बघितलं, धाकट्याने त्याच्याकडे. लग्नाच्या बोलणीला आल्यासारखी दोन्हीकडची माणसं एकमेकांना नीट न्याहाळून घेत होती.

खुर्ची निळी होती. डावा हात खरंच तडकलेला, त्यावर चिकटपट्टी. फौजदारने चाकं फिरवली, तारा बघितल्या, गादी उचलून खाली डोकावली.

"उसवलंय का काही?" बाईंनी विचारलं.

"इथं, कडेला."

"ते आमच्या ह्यांच्या पट्ट्यानं झालं. सांगायचं राहिलं." बाई जरा ओशाळल्या. "भावात धरा."

अण्णांना खुर्चीत बसवलं. त्यांनी दांड्याला नुसतं बोट लावलं आणि खुर्ची टुणकन पुढे जाऊन कुंडीवर आदळली. अण्णा घाबरून म्हणाले, "नको, नको. काढा मला."

"मशीन चालवलंय ना तुम्ही जन्मभर?" बाई त्यांच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "लेकीनं फोनवर सांगितलं मला. मग हे काय अवघड आहे? हळू दाबा. आमच्या ह्यांनी पहिल्या दिवशी माझी तुळस पाडली होती. आमच्या भिंतीला अजून खड्डा आहे."

अण्णांनी पुन्हा बोट ठेवलं. खुर्ची सरकली, थांबली, वळली. अंगणाला एक फेरी झाली. दुसऱ्या फेरीला त्यांनी मान ताठ केली. तिसऱ्या फेरीला ते फाटकापाशी थांबले आणि कुणाकडेही न बघता म्हणाले, "जरा बाहेर जाऊन येतो."

"ब्रेक धरा, उतार आहे!" बाई ओरडल्या.

धाकटा मागे धावणार होता. फौजदारने त्याची बाही पकडली. फाटकातून बाहेर गेलेली खुर्ची कोपऱ्यावर वळली आणि दिसेनाशी झाली. अंगणात चौघं उभी, चौघांचे कान रस्त्याकडे.

"माणूस माल घेऊन पळाला म्हणायचा का आता?" पायरीवरचा शेजारी म्हणाला.

बाई हसल्या आणि हसता हसता त्यांनी पदरानं डोळे टिपले. "हे असेच जायचे. वाचनालयात. मी इथंच उभी राहून कान देऊन ऐकायची."

बऱ्याच वेळानं खुर्चीचा घूं घूं आवाज ऐकू आला. अण्णा परतले. चेहरा उन्हानं लाल आणि घाम आलेला.

"चढावर दमते," ते म्हणाले. "पण खोटं सांगितलं नाहीत तुम्ही. घेतो."

व्यवहार तिथंच, हातात हात देऊन झाला. बाईंनी कागदावर लिहून दिलं, फौजदारने वाचून घेतलं, आणि दोघींनी एकमेकींना 'पुन्हा एकदा बघा हं' असं म्हटलं.

त्यानंतर अण्णा रोज बाहेर पडायला लागले. एका दुपारी फौजदार लवकर सुटून घरी येत होती, तेव्हा तिला ते इस्त्रीवाल्याच्या टपरीपाशी दिसले. इस्त्रीवाला मोबाइल त्यांच्यापुढे धरून उभा होता. बायकोसाठी कसलासा मिक्सर होता त्यात, अगदी फुकटात दिल्यासारखा.

"पैसे पाठवलेस का?" अण्णा विचारत होते.

"पाठवणारच होतो."

"मग थांब, आणि माझं ऐक. मी पाठवले होते." आणि अण्णांनी सकाळच्या चहापासून सगळं सांगायला सुरुवात केली, लाल गादी, विमा, लेकीपासून लपवलेला मोबाइल, काही म्हणजे काही न गाळता. टपरीपाशी आणखी दोघं-तिघं थांबले. अण्णांचा आवाज मोठा आणि मोकळा होता. फौजदार हातातली पिशवी सावरत झाडाआड थांबली आणि शेवटपर्यंत पुढे आली नाही.