दुसरा हात

ओलेगारिओ सिल्वेराने दोन्ही फाटकांचे दोर तळहातांना गुंडाळून घेतले आणि गाय अडकवायच्या खोड्याकडे मान वळवली.

"सोड पुढची, पोरी."

खोड्यातल्या गाईमागे त्याची मागेला नावाची कन्या उभी होती. खांद्यापर्यंत चढवलेला हातमोजा, गालावर शेणाचा शिंतोडा. हात आत घालून ती डोळे मिटून घेई, गर्भपिशवी चाचपी आणि मोठ्याने निकाल देई. "गाभण!" म्हणताच बाप डावे फाटक ओढी आणि गाय कुरणाकडे पळे. "रिकामी!" म्हणताच उजवे. त्या बाजूच्या आवाराला ट्रक पाठ टेकून उभा होता आणि तो थेट कत्तलखान्याला जाणार होता. ताकुआरेम्बोच्या त्या टेकड्यांत फाटकावर मालकाने स्वतः उभे राहावे असा रिवाज आहे. निकाल मनास न पटल्यास मालकाला एकवार दुसरा हात मागता येतो, आणि मग डॉक्टरने पुन्हा तपासावे लागते.

डॉक्टर या नात्याने मागेलाचा हा पहिलाच हंगाम होता, आणि तोही बापाच्या दारी. शेजारच्या कुरणाचा मालक वॉशिंग्टन टेचेरा आपल्या कालवडी मागे उभ्या करून कुंपणावर बसला होता. जुन्या डॉक्टरकडून दरसाल दुसरा हात, क्वचित तिसराही मागण्याबद्दल त्याची पंचक्रोशीत ख्याती होती.

"काय रे ओलेगारिओ, लेक डॉक्टर झाल्यापासून तुझं उजवं फाटक गंजलं वाटतं! सगळ्याच गाभण?"

"गेल्यात की तिकडंही. तुझे डोळे गंजलेत."

गुराखी हसले. टेचेराने मोर्चा मुलीकडे वळवला.

"आणि काय गं, ते निळ्या शेपटीचं प्लास्टिक तू गाईंत बसवलंस, त्यानं वासरं होतात होय?"

"वासरं वळूच्या बिजानंच होतात, काका. त्या प्लास्टिकात प्रोजेस्टेरॉन असतं."

"ते काय करतं?"

"गर्भाचं घर शांत ठेवतं. अंडं सुटलं की त्या जागी अंडाशयावर पिवळा गोळा धरतो, त्यातून ते पाझरतं. त्याच्या जोरावर पिशवीचं अस्तर गर्भाला पोसतं. तेव्हा गर्भ कुठं चिकटलेला नसतो, नुसता दोऱ्यासारखा लांबत असतो. पुरेसा लांबला की आईला कळवतो, मी आहे. तो निरोप पोचला तर आई गोळा राखते. प्रोजेस्टेरॉन उशिरा चढलं तर गर्भ बारका राहतो, निरोप पोचत नाही, आणि आई पुन्हा माजावर येते."

"म्हणजे ओरडायला पाहिजे त्यानं!"

"तुमच्यासारखं, काका."

या खेपेस टेचेराही हसला. ओलेगारिओ तेवढा हसला नाही. दोरांकडे पाहत तो ओठांतल्या ओठांत पुटपुटत होता: पिवळा गोळा... दोऱ्यासारखा... निरोप. संध्याकाळी दुकानाच्या ओट्यावर हे सारे त्याला बिनचूक सांगायचे होते.

इतक्यात खोड्यात कालांद्रिआ आली. तांबूस अंग, कपाळी पांढरा चांद. निम्मा कळप हिच्याच पोटचा, आणि मागेला शहरी शिकत होती त्या वर्षांत हिच्याच गोऱ्ह्यांनी घर तोलून धरले होते. मागचे दोन हंगाम ती उलटली होती, गाभ न धरता पुन्हा माजावर आली होती. म्हणूनच ते निळ्या शेपटीचे औषध मागेलाने सर्वांत आधी हिलाच बसवले होते. यंदाही रिकामी निघाली तर ट्रक, हे बापलेकींत न बोलता ठरलेले होते.

मागेलाचा हात आत गेला. तिचे डोळे मिटले. इतर गाईंना लागला त्याहून बराच अधिक वेळ गेला. ओलेगारिओने डावा दोर नकळत ताणून धरला.

"रिकामी."

आवाज चढला नाही, खालीही आला नाही.

टेचेरा हळूच म्हणाला,

"दुसरा हात माग, ओलेगारिओ. तुझा हक्कच आहे. अरे, कालांद्रिआ आहे ती!"

मागेलाने बापाकडे पाहिले. हातमोजा तिने झटकला नव्हता. त्याने दुसरा हात मागितला असता तर ती पुन्हा तपासणार होती.

"सांगितलं ना तिनं," ओलेगारिओ म्हणाला.

डावा दोर सैल झाला. गाय जवळून जाताना त्याने दोन बोटांनी तिच्या कपाळीचा चांद खाजवला, आणि मग उजवे फाटक पूर्ण उघडले. पाठ ताठ करून, चारचौघांना ऐकू जाईल अशा स्वरात तो म्हणाला,

"पुढची घ्या, डॉक्टर."

सिल्वेराच्या गाई आटोपल्यावर टेचेरा फाटकावर आला. खोड्यात त्याची तांबडी कालवड शिरली. जत्रेतील बक्षिसाची फीत तिच्या दावणीवर अजून टांगलेली असे.

"रिकामी."

टेचेराचे तोंड उघडले. त्याने मागेलाकडे पाहिले. मग ओलेगारिओकडे. ओलेगारिओ यर्बाच्या कडू पानांचा चहा घ्यायच्या तुंब्यात गरम पाणी ओतीत होता, आणि जणू आसमंतात दुसरे काही घडतच नव्हते अशा मुद्रेने शीळ घालीत होता.

टेचेराचे तोंड मिटले. उजवे फाटक करकरत उघडले.

"याला तेल घाल जरा," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"घालतो," ओलेगारिओ म्हणाला, आणि वाफाळता तुंबा त्याने आधी मुलीपुढे धरला.