वयाच्या मानाने उंच

चष्म्याचं दुकान बंद पडलं आणि अठरा वर्षं लोकांच्या नाकावर फ्रेमा बसवणारी बाई घरी बसली. घरीदारी सगळे तिला चष्मेवालीच म्हणत. चार महिने तिने कपाटं आवरली. पाचव्या महिन्यात आवरण्यासारखं काही उरेना, तेव्हा थोरल्या बहिणीने तिचा अर्ज परस्पर भरून टाकला. वाचता-लिहिताना अडखळणाऱ्या मुलांना कसं शिकवायचं, याचा तीन महिन्यांचा वर्ग होता.

"अगं ताई, मला शिकवता कुठं येतं?"

"म्हणून तर शिकायला जायचंय. गप जा."

पहिल्याच दिवशी मॅडमनी सांगितलं, "या मुलांचा दोष डोळ्यांत नसतो." चष्मेवालीला ते जरा लागलंच, पण तिने वहीत उतरवून घेतलं.

तिसऱ्या आठवड्यात सरावासाठी मुलं यायची होती. ती आलीच नाहीत. शाळेला परवानगीचं पत्र हवं होतं, आणि ते पत्र मिळायला आधी मुलांची प्रगती दाखवावी लागत होती. मॅडमनी वर्गावरून नजर फिरवली. ती थांबली काकांवर. हे काका तीस वर्षं बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करून निवृत्त झालेले. आवाज असा, की त्यांनी नुसतं पाणी मागितलं तरी माणसं सामान उचलून उभी राहायची.

"काका, तुम्ही मूल व्हा. वय वर्षे नऊ. अक्षरं उलटसुलट दिसतात. जमेल?"

"प्रयत्न करतो," काका म्हणाले.

लगेच काकांच्या नावाने विद्यार्थ्याची फाइल उघडली गेली आणि त्यांची हजेरीही तिच्यातच लागायला लागली. काकांना बुटकी खुर्ची मिळाली. त्यांचे गुडघे हनुवटीला टेकायला लागले. त्यांना शिकवायचं काम आलं चष्मेवालीकडे.

काकांनी कमाल केली. 'घर'चं 'धर' वाचलं, 'भिंत'ची 'मिंत' केली, जोडाक्षर आलं की कपाळावर घाम. बाकीचे शिकाऊ शिक्षक टाळ्या वाजवत. "काय अभिनय आहे!" चष्मेवालीने पुठ्ठ्याला एका शब्दापुरती खिडकी कापली आणि ती ओळीवरून सरकवायला लागली. ताटात वाळू पसरून काकांच्या बोटाने 'घ' गिरवून घेतला. काका हूं की चूं न करता गिरवत.

एक दिवस वर्ग सुटल्यावर काका सूचनाफलकासमोर उभे होते. "जरा वाचून दाखवता का? चष्मा विसरलो."

चष्मा नाकावरच होता. सवयीने चष्मेवालीने तो काढून उजेडाकडे धरला.

"काका, याला नंबरच नाही."

काकांनी इकडेतिकडे पाहिलं. त्यांचा तो आवाज एवढासा झाला. "गाड्यांचा कागद बायको रोज पहाटे वाचून दाखवायची. मी पाठ करायचो. आणि चष्मा विसरलो म्हणायचं, तर आधी चष्मा असावा लागतो."

"मग शिक्षक व्हायला कशाला आलात?"

"विद्यार्थ्यांच्या अर्जात वयाची अट आहे, बारा वर्षं. शिक्षकांच्या अर्जात नाही."

चष्मेवालीला हसावं की रडावं कळेना. तिने कुणाजवळ चकार शब्द काढला नाही. दुसऱ्या दिवसापासून ती अर्धा तास आधी यायला लागली. काका तिच्याही आधी आलेले असत.

दोन महिन्यांनी तपासणी अधिकारी आले. त्यांनी फाइलमधलं वय वाचलं, मग टक्कल पडलेल्या काकांकडे पाहिलं. 'मूल वयाच्या मानाने उंच,' त्यांनी नोंद केली आणि विचारलं, "पालक कुठायत?"

फाइल खोटी म्हणावी तर वर्गच बंद व्हायचा. दुसऱ्या दिवशी पालक म्हणून काकू हजर झाल्या.

"घरी अभ्यास करतो का?"

"करतात. पण बसवावं लागतं."

"हट्टी आहे? लहानपणापासून?"

"लहानपणीचं मला ठाऊक नाही. लग्नापासून आहेत."

अधिकाऱ्यांनी तेही लिहून घेतलं. प्रगती समाधानकारक, मुलाला चौथीत बसवावं, असा शेरा मारून ते चहा न घेता गेले.

शेवटच्या दिवशी चष्मेवालीला प्रमाणपत्र मिळालं. काकांच्या हातात एक पाकीट पडलं. व्हरांड्यातल्या बाकावर ते काकूंशेजारी बसले. काकूंनी सवयीने हात पुढे केला. काकांनी पाकीट दिलं नाही, स्वतःच फोडलं. पुठ्ठा चष्मेवालीच्या पिशवीत होता. तोही त्यांनी मागितला नाही.

"आपण... संपूर्ण... प्रशिक्षण... काळात..." बोट ओळीवरून सरकत होतं. "गै-र-ह-जर. गैरहजर! असल्याने आपणांस... अ-नु-त्ती-र्ण..." जोडाक्षर पार झालं आणि काकांचा आवाज चढला. "अनुत्तीर्ण घोषित करण्यात येत आहे!"

अख्खा व्हरांडा वळून बघायला लागला. काकूंनी पदराने डोळे टिपले आणि पत्राकडे बोट दाखवलं.

"पान उलटा. मागेही काहीतरी लिहिलंय."