बिननावाचा पेला

गाण्यात नुसतं ‘एक घर’ म्हटलं तरी भागतं. सिनेमात त्या घराला दार लागतं आणि दारावर पाटी लागते. गंधारची सगळी गोची तिथंच झाली होती.

दहा वर्षांपूर्वी नांदेडात त्यानं आणि आनंदराजनं ‘कोरडवाहू’ नावाचा रॉक बँड काढला होता. त्यांचा एकुलता एक अल्बम नऊ गाण्यांचा, पण गोष्ट एकच: बारा दिवसांनी नळाला पाणी येतं, तो दिवस. शब्द आणि आवाज आनंदराजचा, गिटार गंधारची. कॉलेजातली पोरं अजूनही तो ऐकायची. पुढं गंधार पुण्याला जाऊन सिनेमाच्या धंद्यात पडला, आणि आता त्याच अल्बमच्या सिनेमाला निर्माता मिळाला होता. पटकथा तयार होती. लातूरला सरकारी नोकरीत असलेल्या आनंदराजची संमतिपत्रावर सही तेवढी राहिली होती.

आठ गाणी सरळ उतरली. सहावं अडलं. त्यात एक शाळकरी पोरगा मित्राच्या घरी पाणी मागतो. त्या घरातल्या प्रत्येक पेल्यावर नाव टाकलेलं. याला मिळतो तो बिननावाचा, न्हाणीघराच्या खिडकीत वेगळा ठेवलेला. ते घर कुणाचं, हे गंधारला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. ते त्याचंच. वडील वसंतराव हेडमास्तर, आई सरोजिनी. घरातल्या चमच्यांवरसुद्धा तिचं नाव. आनंदराजसाठी तो पेला खिडकीतून त्यानं स्वतःच कितीदा आणून दिला होता. आणि तरी या गाण्यातली गिटार हा पठ्ठ्या डोळे मिटून वाजवायचा आणि टाळ्या घ्यायचा!

पटकथेत त्यानं ते घर उचललं आणि भोकरकडच्या एका खेड्यात नेऊन ठेवलं. घराला मिशाळ पाटील दिला, पोराच्या हाती करवंटी दिली. मिशा असल्या की पाप शोभून दिसतं. हेडमास्तरांची पाटी सुटली.

शनिवारी घरी मुक्काम करून रविवारी तो नांदेडहून एसटीनं लातूरला पोचला. आनंदराजच्या आईनं, सुमनबाईंनी, पाणी आणून समोर ठेवलं आणि त्याही ऐकायला बसल्या. गंधार वाचत गेला. सहावं गाणं झालं तशा त्या म्हणाल्या, “आन् हे पाटील कोन म्हनायचे? आनंदा तर नांदेडात वाढला. पाटलाच्या घराची पायरी न्हाई चढला कधी.”

“आई, सिनेमा हाय त्यो,” आनंदराज म्हणाला. मग गंधारकडं न बघता त्यानं विचारलं, “नाव टाकलेले गिलास काढले व्हय?”

“निर्माता म्हणाला, शहरातल्या शिकलेल्या घरात असं होतं हे लोकांना पटणार नाही.”

निर्माता असलं काही बोललाच नव्हता. त्यानं ते गाणं नीट ऐकलंसुद्धा नव्हतं.

आनंदराज भांडला नाही. त्यानं कागद ओढला आणि पेन शोधायला लागला. गंधारनं समोरचा पेला उचलला. पेल्यावर ठिपक्याठिपक्यांची बारीक अक्षरं होती: गंधार.

“मावशी, हे काय?”

“तुझाच गिलास की. तुमी दोघं घरात धडाडधूम वाजवून राहिले व्हते नं, तव्हा दोन घेतले. एकावर आनंदाचं नाव टाकलं, एकावर तुझं. लातूरला आलो तरी संगं आनला.”

गंधारला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पेला खाली ठेवून तो म्हणाला, “थांब, सही करू नको. निर्माता काही बोलला नाही. मीच बदललं. आमच्या घराची लाज वाटली मला.”

“माहीत हाय,” आनंदराज म्हणाला. “गाणं पहिल्यांदा म्हटलं तव्हाच तुझं तोंड बघितलं व्हतं. घराचं नाव म्या मुद्दाम न्हाई सांगितलं. वाटलं, एखाद्या दिवशी तूच सांगशील. दहा वर्षं वाट बघून राहिलो.”

“पर तुझ्या आईला आधी विचार, बाबा,” सुमनबाई मधेच म्हणाल्या. “ह्या वयात तिला वाईट वाटंल.”

त्या बाईला वाईट वाटेल याची काळजी या बाईला! गंधारला मान वर करवेना. त्यानं पाटलावर काट मारली, वर ‘नांदेड, हेडमास्तरांचं घर’ असं लिहिलं, आणि गॅलरीत जाऊन आईला फोन लावला. ती रडेल, नाही म्हणेल, फोन आपटेल, सगळ्याची त्यानं तयारी केली होती.

“आई, आनंदराजला पाणी द्यायचो तो बिननावाचा पेला आठवतो तुला?”

“त्यात आठवायचं काय?” सरोजिनी सहज म्हणाली. “आहे की खिडकीत. हल्ली आपली धुणंभांड्याची नागुबाई पिते त्यानं. का रे, सिनेमाला हवाय?”

आज सकाळीच आंघोळ करताना गंधारनं त्याच खिडकीत, तो पेला जरा बाजूला सारून, साबण ठेवला होता.